व्हॉइस-ओव्हरचे काम व्यवसाय म्हणून करायचे असेल तर

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: आवाज चांगला असल्याचे अनेकांनी सांगितले आहे, महाविद्यालयापासून सूत्रसंचालनाची सवय आहे, सध्या पूर्णवेळ नोकरी आहे आणि पुढील काही वर्षांत व्हॉइस-ओव्हर कलाकार म्हणून कारकीर्द उभी करायची आहे. त्यासाठी कोणता मायक्रोफोन घ्यावा, एखादा अभ्यासक्रम करावा का, नोकरी केव्हा सोडावी आणि संगणकनिर्मित आवाजांमुळे हे क्षेत्र टिकेल का, असे चार प्रश्न तुम्ही विचारले आहेत. चारही प्रश्न रास्त आहेत; परंतु त्यांच्या आधी येणारा एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही आणि बाकीच्या सर्वांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. काम देणारा माणूस तुमच्याकडून नेमके काय विकत घेणार आहे?

या क्षेत्रात बरीच वर्षे काम केल्यानंतर माझे स्पष्ट मत असे आहे की, केवळ आवाजाच्या पोतासाठी पैसे क्वचितच मिळतात. समोर आलेला अनोळखी मजकूर थोड्या वेळात समजून घेणे, तो ऐकणाऱ्यालाही पहिल्याच वेळी समजेल असा वाचणे, दिग्दर्शकाने सुचवलेला बदल लगेच करून दाखवणे आणि हे सर्व दहाव्या टेकलाही (टेक म्हणजे त्याच मजकुराचे एकेक ध्वनिमुद्रण) पहिल्या टेकइतक्याच ताजेपणाने करणे, या क्षमतेचे ते पैसे असतात. गोड किंवा भारदस्त आवाजामुळे पहिली संधी कदाचित लवकर मिळेल, पण दुसरे काम मिळते ते वाचनामुळे. उलट अगदी सर्वसाधारण आवाजाची, पण मजकुराची उत्तम जाण असलेली माणसे या व्यवसायात वर्षानुवर्षे स्थिर आहेत. त्यामुळे ‘माझा आवाज पुरेसा चांगला आहे का’ या शंकेत फार वेळ घालवू नका.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्हाला किती भाषा अस्खलित येतात, घरात शांत जागा आणि शांत वेळ मिळतो का, दिवसा कामाच्या वेळेत उपलब्ध राहता येते का आणि हाताशी किती बचत आहे, यांवर वाटचालीचा वेग ठरतो. म्हणून अमुक महिन्यांत अमुक उत्पन्न, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता वाचनाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण नवशिक्यांचा सर्वांत कमी वेळ नेमका येथे जातो. एक साधे वाक्य घेऊ: ‘आता घरबसल्या खाते उघडा, तेही पाच मिनिटांत.’ यात जोर कुठे द्यायचा? आतापर्यंत कार्यालयात खेपा घालाव्या लागत होत्या, ही ऐकणाऱ्याची अडचण असेल तर ‘घरबसल्या’ हा शब्द वाक्याचा कणा आहे. घरून खाते उघडण्याची सोय सगळेच देत असतील, पण त्यात तासभर जात असेल, तर ‘पाच मिनिटांत’ महत्त्वाचे ठरते. ऐकणारा कोण आहे आणि हे वाक्य कानावर पडण्याच्या क्षणी त्याच्या मनात काय आहे, हे ठरवल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. ज्याने ते ठरवलेले नसते तो सर्वच शब्दांवर सारखा जोर देतो आणि मग एकही शब्द लक्षात राहत नाही.

दुसरी बाब नव्या आणि जुन्या माहितीची. ‘हे यंत्र पाणी शुद्ध करते. शुद्ध केलेले पाणी वरच्या टाकीत साठते.’ दुसऱ्या वाक्यातील ‘शुद्ध केलेले पाणी’ ही आता जुनी माहिती आहे. बोलताना आपण तिच्यावरून सहज पुढे सरकतो आणि ‘वरच्या टाकीत’ यावर येतो. कागदावरून वाचताना मात्र अनेक जण दोन्ही वाक्ये एकाच चालीत म्हणतात. माहितीपट, प्रशिक्षणाचे व्हिडिओ आणि शैक्षणिक साहित्य यांमध्ये ही एकसुरी चाल ऐकणाऱ्याला काही मिनिटांतच थकवते. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येत असल्याने आणखी एक सवय लागते: वाक्य संपत आले की श्वास आणि आवाज दोन्ही खाली जातात आणि ‘आहे’, ‘नाही’ हे शब्दच अर्धवट ऐकू येतात. होकार की नकार हेच जर तेथे ठरत असेल, तर संपूर्ण वाक्य वाया जाते. शेवटच्या अक्षरापर्यंत श्वास पुरवणे ही प्राथमिक शिस्त आहे.

तुमच्या सूत्रसंचालनाच्या अनुभवाचा श्वासासाठी, धीटपणासाठी आणि उच्चारांसाठी निश्चित फायदा होईल. पण व्यासपीठावरून बोलणारा सभागृहातील शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवतो, तर मायक्रोफोन वीतभर अंतरावरच्या एका माणसाचा कान असतो. सूत्रसंचालनातून आलेल्या व्यक्तींना माझा पहिला सल्ला असा असतो की, मजकूर आधी एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला कागद न पाहता, आपल्या शब्दांत समजावून सांगा, त्या वेळी आवाजाची जी उंची आणि जी गती होती ती लक्षात ठेवा आणि मग तीच ठेवून लिहिलेला मजकूर वाचा.

रोजच्या सरावासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. एखादा परिच्छेद न वाचलेल्या स्थितीत ध्वनिमुद्रित करावा, मग अर्थाचा विचार करून पुन्हा करावा आणि दोन्ही दुसऱ्या दिवशी ऐकावेत. त्याच दिवशी ऐकल्यास आपण काय म्हणायचा प्रयत्न केला तेच ऐकू येते, प्रत्यक्ष काय म्हटले ते नाही. दुसरे, जाहिरातीएवढा एक मजकूर 30 सेकंदांत, मग 27 आणि मग 25 सेकंदांत, घाई न जाणवता वाचावा. त्यात शब्द पळवण्याऐवजी विराम कुठे कमी करता येतात हे कळू लागते आणि स्टुडिओत ‘दोन सेकंद कमी करा’ अशी सूचना आली की गोंधळ होत नाही. तिसरे, उच्चारांची तपासणी. च, ज आणि झ यांचे मराठीतील दोन-दोन उच्चार, ण आणि न, जोडाक्षरे, तसेच घाईत बोथट होणारे भ, ध, ढ हे महाप्राण आपल्या तोंडात नेमके कसे येतात, हे स्वतःच्या ध्वनिमुद्रणावरूनच कळते. घरातील बोलीबद्दल संकोच करण्याचे कारण नाही, कारण ती संवादांसाठी आणि पात्रांसाठी भांडवल असते. पण प्रमाण उच्चार हवे तेव्हा आणता आले पाहिजेत.

कामाचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाची शिस्त वेगळी आहे. जाहिरातीत काही सेकंदांच्या मजकुराचे अनेक टेक होतात. डबिंगमध्ये हेडफोनमधून मूळ संवाद ऐकत, पडद्यावरील ओठांच्या हालचालींशी आपले शब्द जुळवायचे असतात. प, ब, म यांसाठी ओठ मिटतात, त्यामुळे मिटलेले ओठ दिसतात तेथे तसाच वर्ण आला तर जुळणी खरी वाटते, आणि संवाद लिहिणाराही ते सांभाळतो. ऑडिओबुकमध्ये चिकाटीची परीक्षा असते. इंग्रजी पुस्तकांसाठी ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीचे एसीएक्स हे व्यासपीठ तयार ध्वनीच्या एका तासाला साधारण 9300 शब्द धरते, आणि तो एक तास तयार होण्यासाठी वाचन, दुरुस्त्या, संकलन आणि तपासणी मिळून त्याच्या कित्येक पट वेळ जातो. तिसऱ्या प्रकरणातील एखादे पात्र विसाव्या प्रकरणात परतते तेव्हा त्याचा आवाज तोच हवा, म्हणून प्रत्येक पात्राचे एक-दोन वाक्यांचे नमुने वेगळे जपून ठेवावे लागतात. व्हिडिओ गेममध्ये आरडाओरडा, किंकाळ्या आणि झटापटीचे आवाज तासन्‌तास द्यावे लागू शकतात; अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा या कलाकारांच्या संघटनेने 2016-17 मध्ये केलेल्या गेम कलाकारांच्या संपात घशावरील हा ताण एक प्रमुख मुद्दा होता.

सुरुवात कोठून करावी, यावर मते वेगळी असू शकतात. मी नवोदितांना निवेदनाकडे आणि शैक्षणिक साहित्याकडे आधी वळायला सांगते, कारण तेथे मजकूर भरपूर असतो, अर्थ लावून वाचण्याची सवय पक्की होते आणि तुमचे नाव माहीत नसतानाही काम मिळण्याची शक्यता तुलनेने अधिक असते. ज्यांना अभिनयाचा पाया आहे त्यांनी डबिंगपासून सुरुवात करावी. छोट्या भूमिका आणि गर्दीचे आवाज यांतून स्टुडिओची पद्धत लवकर कळते.

आता मायक्रोफोन. या प्रश्नाला नवशिक्यांमध्ये जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे त्याला नाही, खोलीला आहे. बाहेरून येणारा आवाज आणि खोलीतला घुमारा या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. बाहेरचा आवाज अडवण्यासाठी वजनदार भिंती, दारे आणि बंद फटी लागतात. अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटवून तो अडत नाही. घुमाऱ्यासाठी मऊ आणि जाड वस्तू लागतात. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीचे ध्वनी शोषतो आणि खालच्या पट्टीचा घुमारा तसाच ठेवतो, त्यामुळे आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. कपड्यांनी भरलेले कपाट, गाद्या आणि जाड गोधड्या यांनी वेढलेला कोपरा अनेकदा अधिक चांगले काम करतो. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून तिची शेपटी, म्हणजे मागे रेंगाळणारा घुमारा, ऐका, नंतर अर्धा मिनिट शांतता ध्वनिमुद्रित करा. एसीएक्सच्या निकषांनुसार (यात शून्य ही ध्वनिमुद्रणाची कमाल पातळी असते) पार्श्वभूमीचा आवाज उणे 60 डेसिबल किंवा त्याहून कमी, वाचनाची सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबलच्या दरम्यान आणि सर्वोच्च शिखर उणे 3 डेसिबलच्या वर न जाणारे असावे लागते. ऑडिओबुक करायचे नसले तरी स्वतःची खोली तपासण्यासाठी हे आकडे उपयोगी आहेत. गोंगाट सॉफ्टवेअरने काढून टाकू, या भरवशावर राहू नये. तसे केले की आवाजातले बारकावेही त्याच्याबरोबर जातात.

खोली शांत आणि मऊ असेल तर मोठ्या डायफ्रॅमचा (ध्वनी टिपणाऱ्या पडद्याचा) साधा कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा, मायक्रोफोन पुरतो. खोली तितकी चांगली नसेल तर जवळून बोलण्याचा डायनॅमिक मायक्रोफोन आसपासचे कमी ऐकतो. तोंडापासून अंतर साधारण 15 ते 20 सेंटिमीटर ठेवावे, मध्ये पॉप फिल्टर (श्वासाचा फटका अडवणारी जाळी) असावा आणि मायक्रोफोन किंचित बाजूला असावा, म्हणजे प-फ-ब-भ यांचे फटके थेट बसत नाहीत. फार जवळ गेल्यास खालची पट्टी फुगते आणि भारदस्तपणाचा खोटा भास होतो. व्हिडिओच्या कामासाठी 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिटची वेव्ह फाइल द्यावी. आपले अंतर आणि इंटरफेसवरील (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावरील) पातळी लिहून ठेवा. महिन्याभराने त्याच मजकुरातील एक वाक्य बदलून मागितले गेले, तर नवे वाक्य जुन्यात बेमालूम बसले पाहिजे.

अभ्यासक्रमाविषयी एकच कसोटी सांगते. प्रत्येक तासिकेत तुम्ही प्रत्यक्ष मायक्रोफोनसमोर किती वेळ उभे राहणार आणि तुमच्या वाचनावर कोण, किती नेमकेपणाने सूचना देणार, हे आधी विचारा. शिकवणारी व्यक्ती सध्या या क्षेत्रात काम करत असेल तर उत्तम. नंतर काम मिळवून देण्याचे आश्वासन दिले जात असेल, किंवा काही दिवसांच्या वर्गाच्या शेवटी सर्वांनाच डेमो, म्हणजे काम मागताना ऐकवायचा आवाजाचा नमुना, करून दिला जात असेल, तर तेथे जाऊ नये. माझ्या पाहण्यात नाटकाचा नियमित सराव आणि एखाद्या चांगल्या दिग्दर्शकाकडे घेतलेली मोजकी वैयक्तिक सत्रे यांनी मोठ्या वर्गांपेक्षा अधिक फरक पडला आहे.

डेमो घाईने करू नका. तो 60 ते 90 सेकंदांचा असावा, जाहिरात, निवेदन आणि पात्रांचे आवाज यांसाठी वेगवेगळा असावा आणि सर्वांत चांगला तुकडा सर्वांत आधी यावा, कारण निवड करणारे लोक पहिल्या काही सेकंदांतच पुढे ऐकायचे की नाही हे ठरवतात. डेमोमध्ये जे आहे ते उद्या सकाळी स्टुडिओत, संगीताच्या आधाराशिवाय करून दाखवता आले पाहिजे. न केलेल्या कामाचा भास होईल अशा रीतीने नामांकित उत्पादनांची नावे डेमोत वापरू नयेत.

काम शोधणे हा या व्यवसायाचा मोठा आणि न दिसणारा भाग आहे. ध्वनिमुद्रण स्टुडिओ, जाहिरात आणि माहितीपट तयार करणाऱ्या संस्था, शैक्षणिक साहित्य बनवणाऱ्या कंपन्या आणि डबिंग समन्वयक यांना चार ओळींचे, डेमोचा दुवा असलेले पत्र पाठवावे आणि काही महिन्यांनी, नवे काही सांगण्यासारखे असेल तेव्हा, पुन्हा पाठवावे. बहुतेक ऑडिशनचे उत्तर येत नाही. तो तुमच्या वाचनावरचा निकाल नसतो, अनेकदा त्यांना वेगळ्या वयाचा किंवा वेगळ्या प्रकृतीचा आवाज हवा असतो. सूचना नीट वाचणे, फाइलला सांगितलेले नाव देणे आणि सांगितलेल्या वेळेआधी ती पाठवणे या गोष्टींनी तुम्ही अनेक चांगल्या आवाजांच्या पुढे जाता. स्थिर उत्पन्न पुन्हा पुन्हा येणाऱ्या मोजक्या ग्राहकांकडूनच येते, म्हणून झालेल्या कामानंतरचा संपर्क नव्या कामाच्या शोधाइतकाच महत्त्वाचा आहे.

मोबदला ठरवताना ध्वनिमुद्रणाचे मानधन आणि वापराचे मानधन यांत फरक करायला शिका. आवाज कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात आणि किती काळ वापरला जाणार, तसेच त्या काळात प्रतिस्पर्धी उत्पादनासाठी काम करण्यास बंदी आहे का, हे आधी विचारावे. आपल्या चुकीमुळे लागणारे रीटेक विनामूल्य, पण मजकूर बदलल्यास स्वतंत्र आकारणी, हे सुरुवातीलाच लेखी असावे. ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ हे शब्द करारात दिसले की थांबून विचार करावा.

येथे तुमचा संगणकीय आवाजांचा प्रश्न येतो. अमेरिकन कलाकार सुसान बेनेट यांनी 2005 मध्ये एका कंपनीसाठी असंख्य वाक्ये ध्वनिमुद्रित केली आणि 2011 मध्ये अ‍ॅपलच्या फोनमधील सिरी ही बोलणारी सहायक बाजारात आल्यावर तो आवाज आपला असल्याचे त्यांच्या लक्षात आले. अ‍ॅपलने मात्र याला कधी दुजोरा दिला नाही. कॅनडातील बेव्ह स्टँडिंग यांनी आपला आवाज संमतीशिवाय वापरल्याचा आरोप करत 2021 मध्ये टिकटॉकवर दावा दाखल केला आणि त्याच वर्षी तडजोड झाली. सॅग-आफ्ट्राचा गेम कलाकारांचा पुढचा संप 2024च्या जुलैमध्ये सुरू होऊन सुमारे अकरा महिने चालला, तो प्रामुख्याने याच प्रश्नावर होता. त्यामुळे हे ध्वनिमुद्रण केवळ नमूद केलेल्या कामासाठी वापरले जाईल, त्यावरून आवाजाची प्रतिकृती तयार केली जाणार नाही आणि ते कोणत्याही प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी वेगळ्या लेखी संमतीशिवाय व मोबदल्याशिवाय दिले जाणार नाही, असे कलम प्रत्येक करारात मागा. छोट्या कामातही मागा. बहुतेक प्रामाणिक ग्राहक ते मान्य करतात. कायदे देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून मोठ्या करारासाठी वकिलाचा सल्ला घेणे योग्य.

क्षेत्राविषयी माझे निरीक्षण असे की, दूरध्वनीवरील सूचना, अंतर्गत प्रशिक्षणाचे साधे मजकूर आणि सतत बदलणारी माहिती ही कामे यंत्राकडे जात आहेत आणि आणखी जातील. जेथे दिग्दर्शक समोर बसून ‘आता हेच वाक्य, पण तिला खरे कळले आहे आणि ती ते लपवते आहे’ असे सांगतो, तेथे माणूस लागतो. शैक्षणिक साहित्यापासून सुरुवात करा असे वर लिहिले ते शिकण्यासाठी. सर्व भवितव्य सपाट वाचनाच्या कामावर मात्र बेतू नका.

घशाची काळजी हा स्वतंत्र विषय आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. प्यायलेले पाणी स्वरतंतूंना थेट स्पर्श करत नाही; शरीरात पाण्याचे प्रमाण टिकले तरच त्यांचा ओलावा टिकतो. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या आधी दहा मिनिटे घटाघट पिण्यापेक्षा आदल्या दिवसापासून नियमित पाणी प्यावे. किंकाळ्यांचे काम सत्राच्या शेवटी ठेवण्याची विनंती करावी. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर घसा तज्ज्ञांना दाखवावा. औषधी गोळ्या चघळत काम रेटू नये.

शेवटी नोकरी. ती इतक्यात सोडू नका, असे मी ठामपणे सांगेन. एखाद्या महिन्यात चांगले पैसे मिळाले हा निकष पुरेसा नाही, कारण या कामात भरलेल्या महिन्यानंतर रिकामा महिना सहज येतो आणि मोबदला हातात पडायलाही वेळ लागतो. तुमच्याकडे न मागता परत येणारे काही ग्राहक तयार झाले आहेत का, ते सर्व एकाच प्रकारच्या कामावर अवलंबून तर नाहीत ना आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला आहे का, हे पाहा. खरी अडचण पैशाआधी वेळेची येईल: स्टुडिओची सत्रे आणि दूरस्थ दिग्दर्शनाची सत्रे बहुधा कार्यालयीन वेळेतच असतात आणि ‘आज दुपारी येता येईल का’ या प्रश्नाला सतत नकार दिला की तो विचारणे बंद होते. म्हणून राजीनाम्याआधी कामाचे तास कमी करणे, वेळ बदलून घेणे किंवा आठवड्यातून एखादा दिवस मोकळा मिळवणे शक्य आहे का, हे कार्यालयात विचारा. तोपर्यंत रात्री किंवा पहाटे घरून करता येणारी निवेदनाची आणि ऑडिओबुकची कामे घ्या. ती स्वीकारताना आठवड्याला किती तयार मिनिटे देऊ शकता याचा प्रामाणिक अंदाज काढून तेवढेच कबूल करा.